आप्पा, तुम्ही हरवला नव्हतात

आप्पा, रविवारी इथल्या मराठी मंडळाने तुमच्यासाठी सभा ठेवली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या काकांनी आदल्या दिवशी फोन करून माहिती मागितली. किती पुतळे केले, कुठल्या कुठल्या गावांत आहेत, सत्कार कोणते झाले. मी सगळं लिहून दिलं आणि त्यांनी ते चांगलं वाचलं. तीनदा 'थोर शिल्पकार' म्हणाले. तुम्ही असतात तर मला कोपरानं ढोसून म्हणाला असतात, "ओतारी म्हणा की सरळ." मग मला बोलायला उठवलं. मी माइकपाशी गेले, सगळे आलात, थँक यू, बाहेर चहा आहे, एवढं म्हणाले आणि खाली येऊन बसले.

जे बोलायचं होतं ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं. ते फक्त तुमच्याशीच बोलायचं आहे, आणि तुम्हाला जाऊन आज चोवीस दिवस झाले.

पोलंडमधल्या क्राकोवला उतरायचं ही माझी कल्पना. आईचं वर्षश्राद्ध आटोपलं, मी आणि तुमची नात इरा तुम्हाला कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी अमेरिकेत अ‍ॅशबर्नला घेऊन निघालो, आणि मला वाटलं, वाटेत पाच दिवस काढू. जन्मभर तुम्ही चौकांसाठी पुतळे ओतलेत आणि युरोपातले चौक फक्त छापील चित्रांत बघितलेत. माझ्या ऑफिसात क्राकोवची एक बाई आहे. ती म्हणाली, वडिलांना न्यायचं असेल तर आमच्या गावी ने. जुना भाग सपाट आहे, आत गाड्या फारशा येत नाहीत, आणि कुठल्याही गल्लीतून वळलं की चौक लागतो.

पहिल्या दिवशी त्या मोठ्या चौकात शिरलात आणि उभेच राहिलात. मला वाटलं तुम्ही चर्चचे ते दोन मनोरे बघताय. तुम्ही फरशीकडे बघत होता.

"केवढी जागा मोकळी ठेवलीय," म्हणालात. "आपल्याकडं आधी पुतळा सांगतात, मग जागा हुडकतात. जागा हुडकेपर्यंत पुतळा माझ्याकडं गोणपाटात."

चौकाच्या मधोमध त्यांच्या एका कवीचा पुतळा आहे. लोक पायऱ्यांवर बसून समोरून फोटो काढत होते. तुम्ही थेट मागे गेलात. इरा हसायला लागली. तिला म्हणालात, "समोरून सगळेच नीट करतात. मागनं बघायचं. मागं आळस दिसतो." मग खालच्या आकृतीवर बोटाचं पेर आपटून आवाज ऐकलात, आपण बाजारात मडकं वाजवून घेतो तसा. एक गणवेशातला माणूस आपल्याकडे बघायला लागला आणि मी तुमचा हात धरून खाली ओढला. तुम्ही ओढू दिलात. इराला विचारलंत, "सांधा कुठं आहे सांग बघू. एवढा पुतळा एकदम ओतत नाहीत. तुकडे ओततात, मग जोडतात. चांगल्या माणसाचा सांधा दिसत नाही."

इरा शोधत राहिली. मला दिसला. बसलेल्या आकृतीच्या पदराच्या घडीखाली होता. मी बोट ठेवलं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "तुला कसं कळलं?"

"दारातून बघायचे की तुम्हाला."

 आपण पुढे गेलो. त्याच चौकात ब्राँझचं एक भलं मोठं मुंडकं आडवं पडलेलं आहे, आतून पोकळ. मुलं मानेतून आत शिरतात आणि डोळ्यांच्या भोकांतून बाहेर बघतात. इरा शिरली. तिच्यामागे, पंचाहत्तर वर्षांचे तुम्ही, गुडघे टेकून शिरलात. बाहेर उभी असलेली मी आतून तुमचा आवाज ऐकत होते. "हितं हात लाव. हितं जाड आहे, कळतंय? हितं भ्यालाय ओतणारा. धातू कमी पडंल म्हणून जास्त घातलाय. बाहेरनं काय बी कळत नाही." आणि इरा म्हणत होती, "कूल, आजोबा." तिला त्यातले किती शब्द कळले कोण जाणे. तुम्ही बाहेर आलात तेव्हा पँटचे गुडघे काळे झाले होते आणि तुम्ही इतके खूश होता की मी पुतळ्यांचे सोडून तुमचेच फोटो काढले. आईच्या जाण्यानंतर तुम्हाला मी तसं बघितलं नव्हतं. आप्पा, तो एक दिवस मी तुम्हाला दिला, एवढं तरी माझ्या बाजूला धरा.

दुसऱ्या दिवशी मी ते सगळं नासवलं.

जुन्या गावाभोवती झाडांचा पट्टा आहे, पूर्वी तिथे तट होता म्हणे. तिथल्या बाकावर आपण बसलो होतो. इरा ती गोल कडक पावांची कडी आणायला गेली होती. मी विचारलं, "आप्पा, मला का नाही शिकवलंत?"

"काय?"

"काम. कामगारांच्या पोरांना शिकवलंत. माझ्या चुलतभावाला शिकवलंत, त्याला नको असताना. मी रोज शाळेतून येऊन दारात उभी राहायचे. मला म्हणायचात, भट्टीपाशी पोरींचं काम नाही, आत जा."

"पोळली असतीस."

"पोळले असते तर पोळले असते. तुमचेही हात पोळलेत."

"तेव्हा तसंच होतं, सुनंदा."

"हे उत्तर आहे का?"

चर्चच्या मनोऱ्यावरून ती दर तासाची तुतारी वाजायला लागली. ती मध्येच तुटते, मुद्दामच तशी तोडतात. आपण दोघंही ती तुटण्याची वाट बघत बसलो. मग इरा आली. तुम्ही पावाचा तुकडा मोडून मला दिलात आणि विषय तिथेच राहिला. हे भांडण आपण तीस वर्षं असंच खेळलो. मी चेंडू टाकायचे, तुम्ही सोडून द्यायचात. त्या दिवशी मात्र तुम्ही नेहमीसारखे मोकळे झाला नाहीत. दिवसभर माझ्या मागे चार पावलं चालत होता. मला वाटलं, दमलेत.

शेवटच्या दिवशी सकाळी एका आतल्या गल्लीत छोटा चौक लागला. चर्चसमोर एक पुतळा होता, व्हायोलिन वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचा, आणि त्याभोवती लोखंडी परांची आणि हिरवी जाळी. दुरुस्ती चालली होती. तुम्ही जाळीला डोळा लावून उभे राहिलात. मी म्हणाले, "चला आप्पा, ते बंद आहे." तुम्ही म्हणालात, "बंद नाही, काम चाललंय." मी म्हणाले, तेच ते.

त्या दुपारी तीन वाजता मला ऑफिसचा कॉल होता. तिकडे सकाळचे नऊ. मी लॅपटॉप घेऊन हॉटेलच्या लॉबीत बसले. तुम्हाला सांगितलं, खोलीतच थांबा, तासाभरात येते. कॉल दोन तास लांबला. वर गेले तर इरा कानात हेडफोन घालून पडली होती आणि तुम्ही नव्हतात.

"आजोबा कुठेयत?"

"ही वेंट आउट."

"कुठे?"

"आय डोन्ट नो, आई. ही सेड पुतळा समथिंग."

त्या गावात पावला-पावलाला पुतळा आहे, आप्पा. तुमच्याकडे भारतातलं सिम होतं, बाहेर बंद पडणारं. पाच दिवसांसाठी कशाला नवीन, आपण बरोबरच असणार, असं म्हणून ते मीच घेतलं नव्हतं.

मी पळत मोठ्या चौकात गेले. कवीच्या मागे बघितलं. मुंडक्याच्या आत वाकून बघितलं. आतली दोन पोरं घाबरली. कापडबाजाराच्या कमानींखालून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलट. मनोऱ्यामागचा लहान चौक. टेकडीवरच्या किल्ल्याखाली तो आग ओकणारा ब्राँझचा ड्रॅगन आहे, तिथपर्यंत गेले, कारण त्याच्यापाशी तुम्ही म्हणाला होतात की ह्याचं तोंड बघायला परत यायचं. घोडागाडीवाल्यांना फोनवरचा तुमचा फोटो दाखवला. फुलं विकणाऱ्या बायकांना दाखवला. एका पोलिसाला दाखवला. त्याने विचारलं, विसरतात का ते? आणि मी म्हणाले, हो.

हे मी का म्हणाले? त्या क्षणापर्यंत तुम्ही काहीही विसरला नव्हतात. पण पोलीस लवकर हलेल असं वाटलं म्हणून म्हणाले, आणि म्हटल्यावर मला ते खरंच वाटायला लागलं. डोक्यात सगळं भराभरा जुळत गेलं. आईच्या जाण्यानंतर तुम्ही गॅस एकदा चालू ठेवला होता. विमानतळावर मला आईच्या नावानं हाक मारली होती. पळताना मी तुमच्याविरुद्ध पुरावे गोळा करत होते.

तीन तासांनी तुम्ही सापडलात. ऊन अजून होतं. सकाळच्याच त्या छोट्या चौकात, जाळीच्या आत, परांचीच्या खालच्या फळीवर. अंगात कुणाचं तरी निळं एप्रन, हातात फोन. शेजारी पन्नाशीची, केसांना रुमाल बांधलेली एक बाई पुतळ्याच्या कोपरावर काम करत होती. मी रस्त्यापलीकडूनच ओरडायला लागले होते. जाळी उचलून आत आले तेव्हाही ओरडतच होते. काय काय बोलले ते मला आठवत होतं त्यापेक्षा वाईट होतं, हे मला आता कळलंय. ते पुढे सांगते.

तुम्ही एवढंच म्हणालात, "हरवलो नव्हतो गं."

"मग मी तीन तास काय करत होते?"

ती बाई उतरली. तिनं हात पुसला आणि पुढे केला. "पानी बेआता," म्हणाली. तिथे बाईंच्या नावाआधी पानी लावतात, आपण बाई म्हणतो तसं. तुम्ही तिला म्हणे भेटल्या भेटल्या पाण्याची बाटली काढून दिली होतीत, कारण ती पाणी मागतेय असं तुम्हाला वाटलं होतं. हे सांगताना ती हसत होती. तुम्हीही हसायला लागलात. दोघांमध्ये एकही भाषा नाही, आणि एकमेकांची गंमत मात्र कळलेली. मी हसले नाही. तोडक्या इंग्रजीत ती मला म्हणाली, तुमचे वडील फार चांगलं काम करतात. ब्राँझ टिकावं म्हणून वरून मेण चढवतो, ही इथली बाजू त्यांनीच घासली. उद्या सकाळी आम्ही हाताची भेग भरणार आहोत. त्यांना पाठवा, त्यांचा हात मला हवाय.

तुम्हाला इंग्रजी कळत नव्हतं, पण ती काय विचारतेय ते कळलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघत होता. तसं मी तुमच्याकडे लहानपणी बघायचे, दारातून.

"उद्या फ्लाइट आहे," मी तिला सांगितलं. तुम्हाला सांगितलं, "एप्रन काढा."

फ्लाइट बदलता आली असती. सोमवारची मीटिंग मी फोनवरून करू शकले असते. त्याच दुपारी तेच तर केलं होतं. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पण मी घाबरलेली होते आणि घाबरलेल्या माणसाला बरोबर असायचं असतं. तुम्ही एप्रनच्या नाड्या सोडल्यात, घडी घातलीत, दोन्ही हातांनी तिला दिलंत. 

रात्रीच्या जेवणाला तुम्ही म्हणालात, "ती बाई होती."

"कोण?"

"काम करणारी. एकटीच करते. मेण तापवायची बत्ती पण स्वतःच धरती."

"आप्पा, प्लीज. आज नको."

तुम्ही मान डोलावलीत आणि सूप प्यायलात.

अ‍ॅशबर्नला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मिलिंदला विचारलंत, "जावईबापू, गावाचा मध्य कुठं आला?" तो बिचारा तुम्हाला किराणा दुकानांच्या प्लाझात घेऊन गेला. एकदा माझ्याबरोबर गाडीत असताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या त्या लांबच लांब पांढऱ्या इमारती बघून विचारलंत, "एकाला बी खिडकी नाही?" मी म्हणाले, आत माणसं नसतात, कॉम्प्युटर असतात. दिवसरात्र तापतात, थंड ठेवावे लागतात, तेच माझं काम.  "म्हणजे तू बी भट्टीच सांभाळतीस की." आप्पा, हे वाक्य मी जन्मभर ऐकायला थांबले होते, आणि ते आलं तेव्हा मी सिग्नलकडे बघत "हो, तसंच" म्हणाले आणि आलेला फोन घेतला.

मी दाराला सेन्सर लावला. दार उघडलं की माझ्या फोनवर टिंग वाजायचं. तुमच्या जाकिटाच्या अस्तरात ट्रॅकर शिवला आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या बोटांना तो पहिल्या दिवशीच लागला. "हे काय?" विचारलंत. "काळजी म्हणून आहे, आप्पा." तुम्ही जाकीट परत खुंटीला लावलंत. एकट्यानं फिरायला जायचं नाही असं ठरलं, म्हणजे मी ठरवलं. मिलिंद म्हणाला, "यार, समोरच्या ट्रेलवर तरी जाऊ दे त्यांना." मी म्हणाले, तू नव्हतास तिथे.

मी तुम्हाला स्मरणशक्ती तपासायला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागद दिला, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. तुम्ही घड्याळ काढलंत, त्याखाली मनोरा काढलात, मनोऱ्याला वरची खिडकी आणि खिडकीत तुतारी. बाई हसल्या. म्हणाल्या, यांना काही झालेलं नाही. मी म्हणाले, हे परक्या गावात तीन तास हरवले होते. त्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मला मराठीत म्हणालात, "त्यांना सांग, मी हरवलो नव्हतो."

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणाले, दमलेत म्हणतायत.

आप्पा, पुतळ्याच्या मागच्या बाजूसारखं आहे हे. कुणाला दिसलं नाही. आत्तापर्यंत मिलिंदलाही सांगितलेलं नाही.

तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. दुपारी इरा शाळेतून यायची, आर्टच्या वर्गातली माती घेऊन, आणि तुम्ही दोघं किचनच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसायचात. ती इंग्रजीत विचारायची, तुम्ही मराठीत सांगायचात, आणि काम होत राहायचं. तिचा अंगठा धरून तुम्ही मातीत दाबायचात. "इतका. बास." मी भाजी परतताना बघायचे. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग यायचा. पंधरा वर्षांच्या माझ्या मुलीचा मला मत्सर वाटायचा. एकदा तुम्ही मान वर करून म्हणालात, "ये की, बस." मी म्हणाले, पोळ्या कोण करणार. तुम्ही तरी काय, दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. हे तुमच्याकडे लागतं, आप्पा. तुम्ही कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा विचारत नव्हता. एकदा तरी हट्ट करायचात. क्राकोवला त्या फळीवरून उतरायचंच नाही म्हणायचं होतंत. मी काय उचलून नेणार होते तुम्हाला?

तो मंगळवार. मी वर मीटिंगमध्ये होते. सकाळी साडेदहाला फोन टिंग वाजला. कॅमेरा बंद करून खाली आले. तुम्ही पायरीवर उभे होता, टोपी, जाकीट, बूट, सगळं नीट घातलेलं. समोर ऊन पडलं होतं.

"आप्पा, आत या."

"जरा दोन पावलं टाकतो."

"थंडी आहे. माझी मीटिंग चालूय. संपली की मी येते ना बरोबर."

तुम्ही आत आलात. मी दाराची वरची कडीही लावली, जिला तुमचा हात नीट पोचत नसे. सव्वाअकराला खाली आले. तुम्ही दाराजवळच्या बूट काढायच्या बाकावर बसला होतात, भिंतीला टेकून, टोपी मांडीवर. बूट पायात होते. माझी मीटिंग संपायची वाट बघत बसला होतात. मी म्हणाले, "चला, आले." दोनदा म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, क्षणात झालं असणार, कुठेही असते तरी हेच झालं असतं. सगळे मला हे वाक्य सांगतात. मिलिंद सांगतो, कोल्हापूरहून काका फोनवर सांगतात. पण बंद दाराशी आणि उन्हात हे सारखं नाही. तुम्हाला दोन पावलं टाकायची होती. एवढीच.

परवा फ्रेमसाठी तुमचा एक चांगला फोटो हवा होता. तुमचा फोन चार्ज केला. उघडायचा आकडा मला माहीत नव्हता, इराला होता. ती माझ्या शेजारी सोफ्यावर बसून फोटो मागे मागे सरकवत होती. क्राकोव आलं. तुमच्या फोनमध्ये एकाही पुतळ्याला चेहरा नाही. सगळ्या पाठी. आम्ही दोघी थोड्या हसलोसुद्धा.

मग ज्यात काहीच नाही असे फोटो लागले. हॉटेलचं दार. एक कोपरा. हिरवं फाटक. पावाच्या दुकानाची पाटी. दारावरचा दगडी सिंह. असे चौदा. सगळे त्या शेवटच्या दुपारचे, पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं. मला वाटलं, चुकून काढले असतील. इरा थांबली. एक फोटो मोठा केला, मागचा लावला, पुन्हा पुढचा.

"आई, हे बॅकवर्ड्स आहेत."

"म्हणजे?"

"आजोबा चालत चालत जातायत ना, तर एव्हरी टर्न, ते मागे वळून फोटो काढतायत. सो परत येताना कसं दिसेल ते." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "ही वॉजन्ट लॉस्ट, आई. ही हॅड अ मॅप."

प्रत्येक वळणावर तुम्ही थांबला होतात. मागे वळला होतात. यायची वाट टिपून ठेवली होतीत, एकेक कोपरा, पहिला फोटो हॉटेलच्या दाराचा आणि शेवटचा त्या जाळीसमोरच्या गल्लीचा. मी पोलिसाला हो म्हणत होते तेव्हा तुमच्या खिशात परतीचा पूर्ण रस्ता होता.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," मी इराला म्हणाले. म्हणजे मी तिथेही दुसऱ्याच कुणाला तरी धरायला बघत होते.

"मला पण आत्ता कळलं," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "पण ते सांगत होते ना. मी हरवलो नव्हतो. ही केप्ट सेइंग इट." आणि उठून तिच्या खोलीत गेली. पोरगी मला काही बोलली नाही, आप्पा. तुमच्यावर गेलीय.

मी कुठे जाऊ हे घेऊन? डॉक्टरीणबाईंना मेल लिहिली, की वडील तेव्हा 'दमलोय' म्हणाले नव्हते, आणि पाठवली नाही. त्यांना काय त्याचं. सेन्सर काढून टाकला. आता दार उघडलं तरी काही वाजत नाही, आणि मी दर वेळी फोनकडे बघते. तुमचं जाकीट उसवायला घेतलं आणि अर्धवट ठेवून दिलं. आई असती तर मला एक शिवी हासडली असती आणि मग जवळ घेतलं असतं. तुम्ही दोन्ही केलं नसतंत. पाव मोडून दिला असतात.

चौदा फोटोंनंतर एक व्हिडिओ आहे. इरा गेल्यावर मी एकटीनं लावला. पाऊण मिनिटाचा. तुमचं बोट अर्ध्या लेन्सवर आलंय. त्या बाईच्या डाव्या हातात बत्ती, निळी ज्योत, उजव्या हातात ब्रश, आणि म्हाताऱ्याच्या कोपरावर मेण वितळून चमकत पसरतंय. तुमचा श्वास ऐकू येतो. मग तुम्ही बोलता, अगदी हळू, तिच्या कामात व्यत्यय नको म्हणून.

"सुनंदा, बघ. बाई आहे. एकटीच करती सगळं." मग थोडा वेळ नुसता बत्तीचा आवाज. "हात बघ कसा फिरतोय. तुला हे... परवा तू बाकावर विचारलंस ना, त्याचं मी तुला..."

आणि लांबून माझा आवाज येतो. "आप्पा! अहो आप्पा!" चित्र हलतं, फरशी दिसते, जाळीची कड, माझे बूट. "काय चाललंय काय तुमचं? कळतं का तुम्हाला काही? डोकं ठिकाणावर आहे का?" तिथे तो संपतो.

परवापासून मी तो सारखा लावतेय. फरशी कधी येते ते मला पाठ झालंय. तरी दर वेळी वाटतं, या खेपेला तरी तुम्हाला शोधायला मला जरा उशीर होईल.